पराक्रमाचे आंकडे

इतिहासाच्या अभ्यासकास आंकड्यांचा मोह फार असतो. बखरी, पत्रें, आठवणी ह्यांवर लिहिणाराच्या रागलोभाची छाया पडलेली असते. आंकडा मात्र निर्विकार, त्याला ना स्नेह ना वैर, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर राज्यांच्या जमाखर्चापेक्षां खेळांतील आंकडे तपासणें अधिक सोयीचें. तेथें मोजण्याची वस्तु हजारों लोकांच्या डोळ्यांसमोर असते, मोजण्याचे नियम छापलेले असतात, मोजणाराचा स्वार्थही बेताचाच असतो. आणि इतकें असूनही घोटाळा व्हावयाचा तो होतोच.

अमेरिकेंतील विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासांत १७ डिसेंबर २०१६ ह्या दिवशीं असा एक घोटाळा सर्वांच्या देखत घडला. त्या दिवशीं लास वेगास येथील सामन्यांत सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा डॉनेल पंफ्री चेंडू घेऊन ११५ यार्ड धांवला, आणि त्याच्या चार वर्षांच्या धांवेची बेरीज ६,४०५ यार्ड झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉन डेन ह्यानें १९९६ ते १९९९ ह्या चार वर्षांत केलेली ६,३९७ यार्डांची बेरीज आठ यार्डांनीं मागें पडली. अधिकृत कोष्टकांत पंफ्रीचें नांव पहिलें लागलें व डेनचें दुसरें. परंतु डेन आपल्या विद्यापीठासाठीं प्रत्यक्षांत धांवला होता ७,१२५ यार्ड! म्हणजे ज्यानें ७२० यार्ड अधिक अंतर तोडलें तो दुसरा, आणि ज्यानें कमी तोडलें तो पहिला. येथें बेरजेंत चूक नाहीं, कोणीं लबाडी केलेली नाहीं, दोन्ही आंकडे खरे आहेत. मग हें झालें कसें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं विस्कॉन्सिनच्या विक्रमवहीचीं कांहीं पानें आम्ही वाचकांबरोबर चाळणार आहों.

आरंभीं ह्या खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे; कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटला म्हणजे पायानें चेंडू मारण्याचा खेळ डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेचा फुटबॉल तो नव्हे. त्यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा असतो. मैदान शंभर यार्ड लांब. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिला चार प्रयत्न मिळतात, आणि तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकलें म्हणजे पुन्हा नवे चार. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला कीं टचडाऊन होतो व त्याचे सहा गुण मिळतात. एका गड्यानें चेंडू छातीशीं धरून मुसंडी मारावयाची, त्याच्या सोबत्यांनीं अंगानें वाट मोकळी करून द्यावयाची, आणि प्रतिपक्षानें त्याला खालीं पाडावयाचें, असा हा एकंदर प्रकार. अशा प्रत्येक मुसंडींत किती यार्ड मिळाले तें लिहून ठेवतात. क्रिकेटच्या वहींत फलंदाजाच्या नांवापुढें धावा लिहितात, तसे येथें धांवणाराच्या नांवापुढें यार्ड लिहावयाचे. मात्र फलंदाज चेंडूला एकटा तोंड देतो. येथें पुढच्या गड्यांनीं वाट केल्यावांचून धांवणारा एक पाऊलही टाकूं शकत नाहीं. हा भेद लक्षांत असूं द्यावा. पुढें त्याचें काम पडेल.

विस्कॉन्सिन विद्यापीठ मॅडिसन ह्या शहरीं १८४८ सालीं स्थापन झालें, आणि त्याचा फुटबॉलचा संघ १८८९ पासून खेळूं लागला. त्याचें मैदान ज्या जागेवर आहे तिला कँप रँडॉल म्हणतात. अमेरिकेच्या यादवी युद्धांत उत्तरेकडील सत्तर हजारांहून अधिक सैनिकांस तेथें कवायतीचें शिक्षण मिळालें होतें. पुढें १९१७ सालीं त्याच जागीं हल्लींचें क्रीडांगण उभें राहिलें.

ह्या संघाचा पहिला विख्यात पुरुष अमेरिकन नव्हता. तो ऑस्ट्रेलियन होता. पॅट ओडी हा व्हिक्टोरिया प्रांतांतून १८९६ सालीं मॅडिसनला आला आणि लाथेनें चेंडू उडविण्याच्या कौशल्यामुळें थोड्याच दिवसांत सगळ्या देशाच्या तोंडीं झाला. १८९८ सालच्या नोव्हेंबरांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध, बर्फ पडत असतांना, त्यानें ६२ यार्डांवरून चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळतांच लाथ मारून, गोलाच्या खांबांमधून पार केला, अशी नोंद आहे. त्या काळीं राष्ट्रीय कोष्टकें नव्हतीं, ठरलेली मोजपट्टी नव्हती. वर्तमानपत्राचा बातमीदार आणि प्रेक्षकांची स्मरणशक्ति हींच काय तीं साधनें. अशा साधनांतून कीर्ति लवकर वाढते आणि तिचें ओझेंही होतें. १९१७ च्या सुमारास ओडी एकाएकीं नाहींसा झाला. तो ऑस्ट्रेलियन पलटणींत शिरून महायुद्धांत मेला असें लोक समजून चालले. १९३४ सालीं तो कॅलिफोर्नियांत निराळ्या नांवानें, चार्लस मिचेल म्हणून, शांतपणें नोकरी करीत असलेला सांपडला! आपल्याला केवळ जुना फुटबॉलपटु म्हणून ओळखलें जावें ह्याचा आपणांस कंटाळा आला होता, असें कारण त्यानें सांगितलें. सतरा वर्षें आपल्याच विक्रमापासून लपून राहिलेला हा मनुष्य १९६२ सालीं वारला. ज्या आंकड्यासाठीं हजारों तरुण झुरतात तोच आंकडा एखाद्यास असह्य व्हावा, ही गोष्ट विक्रमवहीच्या अगदीं आरंभींच आली आहे, हें आम्हांस मोठें सूचक वाटतें.

पुढचा महत्त्वाचा काळ म्हणजे १९०५ व १९०६ हीं वर्षें. त्या वेळचा खेळ फार रानटी होता. गड्यांचे थवेच्या थवे एकमेकांवर आदळत. १९०५ च्या एका हंगामांत अठरा-एकोणीस तरुण दगावले असें तत्कालीन वर्तमानपत्रांनीं छापलें. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं त्या वर्षीं ऑक्टोबरांत हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांस बोलावून घेऊन खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. विस्कॉन्सिनमध्यें ह्या चळवळीचा पुढाकार ज्यानें घेतला तो गृहस्थ इतिहासाचा प्राध्यापक होता. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर हें नांव आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहीं. अमेरिकन लोकांचा स्वभाव सरहद्दीवरील वसाहतींत घडला, हा त्याचा १८९३ सालचा सिद्धांत प्रसिद्धच आहे. १९०६ च्या जानेवारींत त्यानें माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण करून सांगितलें कीं, फुटबॉल हा आतां विद्यार्थ्यांचा खेळ न राहतां धंदा होऊन बसला आहे आणि त्यामुळें विद्यापीठाच्या मूळ हेतूसच धक्का बसत आहे. ह्या स्पष्टोक्तीमुळें विद्यार्थ्यांचा मोठा रोष त्यानें ओढवून घेतला.

त्या वर्षीं मध्यपश्चिमेकडील विद्यापीठांच्या परिषदेनें हंगामाचे सामने पांचांवर आणले, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास खेळण्याची बंदी केली आणि एका विद्यार्थ्यानें तीन वर्षांहून अधिक खेळूं नये असें ठरविलें. चेंडू हातानें पुढें फेकण्यास त्याच सालीं परवानगी मिळाली. आणि देशभर नियम करणारी जी संस्था तेव्हां निघाली तीच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ह्या नांवानें चालत आहे. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पांच सामने आणि तीन वर्षें म्हणजे एका तरुणाच्या वांट्यास जास्तींत जास्त पंधरा सामने. पुढें ही मर्यादा हळूहळू सैल होत गेली. म्हणजे विक्रमाचा आंकडा किती मोठा व्हावा हें धांवणाराच्या पायांनीं जितकें ठरविलें, तितकेंच परिषदेच्या टेबलाभोंवतीं बसलेल्या प्राध्यापकांनीं व संचालकांनीं ठरविलें.

सबंध देशासाठीं एकसारखे आंकडे गोळा करण्याची व्यवस्था १९३७ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींचे पराक्रम आख्यायिकेंत जमा झाले, त्यानंतरचे कोष्टकांत. ह्या व्यवस्थेंत सुरुवातीपासून एक रिवाज होता: हंगाम संपल्यावर निवडक संघांत जे विशेष सामने होतात, ज्यांस बाउल सामने म्हणतात, त्यांतील यार्ड खेळाडूच्या बेरजेंत धरावयाचे नाहींत. हे सामने म्हणजे बक्षिसादाखल केलेला उत्सव, ते सर्वांच्या वांट्यास येत नाहींत, तेव्हां त्यांची गणना करणें अन्यायाचें, असा त्यामागील विचार. तो विचार त्या काळीं योग्यही होता. विस्कॉन्सिनचेंच उदाहरण घ्या. त्याचा १९४२ चा संघ देशांतील उत्तम संघांपैकीं एक होता. त्या वर्षीं राष्ट्रविजेता ठरलेल्या ओहायो स्टेटला ३१ ऑक्टोबर रोजीं त्यानें १७-७ असें हरविलें. परंतु त्याच्या परिषदेचा नियमच असा होता कीं कोणत्याही संघानें बाउल सामन्यास जावयाचें नाहीं. १९४६ पर्यंत ही बंदी राहिली, आणि नंतरही १९७४ पर्यंत फक्त एका संघास, तोही फक्त रोझ बाउल सामन्यास, जाण्याची मुभा होती.

ह्या १९४२ च्या संघाची कथा आंकड्यांत मावण्यासारखी नाहीं. एलरॉय हर्श ह्या त्याच्या वेड्यावांकड्या पायांनीं धांवणाऱ्या तरुणानें एकच हंगाम गाजविला, आणि पुढच्याच वर्षीं लष्करी शिक्षणाच्या व्यवस्थेमुळें त्याला मिशिगन विद्यापीठांत जावें लागलें. डेव्ह श्रायनर हा त्या संघाचा सर्वांत नांवाजलेला गडी. १९४१ आणि १९४२ ह्या दोन्ही वर्षीं राष्ट्रांतील निवडक अकरांत त्याची गणना झाली. तो १९४५ च्या जूनमध्यें ओकिनावा बेटावर लढतांना मरण पावला. त्याच संघांतील बॉब बाउमन हाही त्याच महिन्यांत त्याच बेटावर पडला. त्या पिढीच्या नांवापुढें लिहिलेले यार्ड थोडे दिसतात, ह्याचें कारण त्यांच्या पायांत बळ कमी होतें असें नव्हे.

युद्धानंतरच्या पहिल्या मोठ्या विक्रमवीराचें नांव अ‍ॅलन अमीची. इटालियन स्थलांतरित कुटुंबांतील हा मुलगा विस्कॉन्सिनमधील केनोशा गांवीं वाढला. १९५१ सालीं कोरियाच्या युद्धामुळें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस खेळण्याची सवलत मिळाली होती. तिचा लाभ त्यास झाला, आणि इतरांस तीन वर्षें मिळत तेथें त्यास चार मिळालीं. त्याच्या धांवेचा हिशेब असा: १९५१ सालीं ८२४ यार्ड, १९५२ सालीं ९४६, १९५३ सालीं ८०१, आणि १९५४ सालीं ६४१. एकूण ३,२१२, हा त्या वेळचा राष्ट्रीय उच्चांक होय. ह्या चार आंकड्यांकडे नुसतें पाहणारा म्हणेल कीं दुसऱ्या वर्षानंतर गड्यास उतरती कळा लागली. वस्तुस्थिति ह्याच्या उलट आहे. १९५३ सालीं नियम बदलला आणि चढाईचे गडी वेगळे व बचावाचे वेगळे ही सोय बंद झाली. ज्यानें चेंडू घेऊन धांवावयाचें त्यानेंच मग प्रतिपक्षास अडविण्यासाठींही उभें राहावयाचें. अमीची दोन्ही कामें करूं लागला. त्याचे यार्ड घटले, पण योग्यता वाढली. देशांतील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारें हाइस्मन पारितोषिक त्याला १९५४ सालीं, म्हणजे नेमक्या सर्वांत कमी यार्डांच्या वर्षीं, मिळालें! परीक्षकांनीं कोष्टक बाजूस ठेवून मैदानाकडे पाहिलें, असेंच म्हणावें लागेल. शिवाय १९५३ च्या रोझ बाउल सामन्यांत तो १३३ यार्ड धांवला होता. रिवाजाप्रमाणें तेही बेरजेंत आले नाहींत.

पुढें नियमांचा ओघ पुन्हा फिरला. चढाई व बचाव ह्यांचे निरनिराळे संघ करण्याची मोकळीक पुन्हा मिळाली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस १९७२ पासून कायमची परवानगी झाली. सामन्यांची संख्या वाढत गेली. त्याबरोबर आंकडेही फुगले. पिट्सबर्ग विद्यापीठाचा टोनी डॉर्सेट १९७३ ते १९७६ ह्या चार वर्षांत ६,०८२ यार्ड धांवला, म्हणजे अमीचीच्या जवळजवळ दुप्पट. अमीचीपेक्षां तो दुप्पट चांगला होता काय? असा प्रश्न विचारतांच त्यांतील वेडेपणा उघड होतो.

विस्कॉन्सिनची स्थिति मधल्या काळांत अगदीं खालावली होती. १९९० सालीं बॅरी आल्व्हारेझ हा मार्गदर्शक झाला, त्या पहिल्या हंगामांत अकरांपैकीं दहा सामने त्याचा संघ हरला. तीनच वर्षांत त्यानें संघ इतका उचलला कीं १९९४ च्या आरंभीं विस्कॉन्सिननें रोझ बाउल सामना जिंकला. त्याची पद्धत साधी होती. पुढच्या रांगेंत धिप्पाड गडी उभे करावयाचे, त्यांनीं भिंत फोडावयाची, आणि मागून एका दणकट गड्यानें पुन्हा पुन्हा मुसंडी मारावयाची. ह्या पद्धतीचें फळ म्हणजे रॉन डेन. त्याच्या चार वर्षांचा अधिकृत हिशेब १,८६३, १,४२१, १,२७९ व १,८३४ असा आहे. १३ नोव्हेंबर १९९९ रोजीं कँप रँडॉलवर आयोवा विद्यापीठाविरुद्ध २१६ यार्ड धांवून त्यानें टेक्सासच्या रिकी विल्यम्सचा ६,२७९ यार्डांचा उच्चांक मागें टाकला. त्या वर्षीं हाइस्मन पारितोषिकही त्याला मिळालें.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. डेन चार बाउल सामने खेळला आणि त्यांत अनुक्रमें २४६, ३६, २४६ व २०० यार्ड धांवला. बेरीज ७२८. हे यार्ड अधिकृत कोष्टकांत नाहींत, कारण त्या वेळीं बाउल सामने मोजण्याचा रिवाज नव्हता. पुढें २००२ च्या हंगामापासून राष्ट्रीय संस्थेनें ते मोजण्यास आरंभ केला; परंतु मागील वर्षांचे हिशेब दुरुस्त केले नाहींत. पंफ्री २०१३ ते २०१६ ह्या काळांत खेळला. त्याचे चारही बाउल सामने बेरजेंत आले, आणि ज्या सामन्यानें त्यास पहिलें केलें तो सामनाही बाउलच होता. एका रिवाजानें मोजलेले ६,३९७ आणि दुसऱ्या रिवाजानें मोजलेले ६,४०५ एकाच स्तंभांत एकाखालीं एक लिहिले गेले. घोटाळा आहे तो एवढाच.

ह्यावर दोन पक्ष संभवतात. एक पक्ष म्हणतो कीं नियम हा पुढेंच लागू करावयाचा असतो. मागील सर्व हिशेब उकरूं लागल्यास अंत नाहीं, कारण पूर्वींच्या अनेकांस नियमानेंच बाउल सामने खेळूं दिले नव्हते, आणि मागचे सामने मोजल्यानें त्यांजवर उलट नवा अन्याय होईल. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. विस्कॉन्सिनच्या १९४२ च्या संघाचें उदाहरण आम्हीं वर दिलेंच आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं डेनचे ७२८ यार्ड हजारोंनीं डोळ्यांनीं पाहिले, ते छापलेले आहेत, मोजपट्टी तीच आहे. मग ते झालेच नाहींत असें कोष्टकानें कां म्हणावें? आमच्या मतें दोन्ही पक्षांची भूल एकच आहे. कोष्टकांत एकच क्रम असला पाहिजे असें दोघेही गृहीत धरून चालतात. २००२ पूर्वींची यादी वेगळी व नंतरची वेगळी ठेवली असती, तर डेनचा मान राहिला असता आणि पंफ्रीच्याही कर्तृत्वास बट्टा लागला नसता. त्या बिचाऱ्या तरुणानें कोणाचें कांहींच हिसकावून घेतलें नव्हतें. त्याच्या वेळच्या नियमानें जें मोजावयाचें तें मोजलें गेलें. परंतु दोन काळांतले दोन निरनिराळे रुपये एकाच थैलींत टाकून मोजल्यानें दोघांसही कमीपणा आला.

हा प्रकार एकदांच घडला असेंही नाहीं. विस्कॉन्सिनच्या माँटी बॉलनें २०११ सालीं एका हंगामांत ३९ टचडाऊन करून ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सच्या १९८८ सालच्या उच्चांकाशीं बरोबरी केली. कोष्टकांत दोघेही ३९ वर आहेत. बॉलला त्यासाठीं १४ सामने मिळाले, सँडर्सला ११. आणि सँडर्सनें बाउल सामन्यांत केलेले आणखी पांच टचडाऊन हिशेबाबाहेर आहेत. त्याच सँडर्सचा ११ सामन्यांतील २,६२८ यार्डांचा उच्चांक गांठण्यासाठीं विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन २०१४ सालीं १४ सामन्यांत २,५८७ यार्डांपर्यंत पोंचला. दहा वर्षांनीं, ३१ डिसेंबर २०२४ रोजीं, बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी आपला चौदावा सामना खेळून थांबला तेव्हां त्याची बेरीज २,६०१ झाली होती; सत्तावीस यार्ड कमी पडले. सँडर्सचे बाउल सामन्यांतील २२२ यार्ड धरले तर त्याचा आंकडा २,८५० होतो. येथें मात्र नियमाच्या विषमतेवर पराक्रमानें मात केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गॉर्डनच्याच नांवावर आणखी एक गोष्ट आहे. १५ नोव्हेंबर २०१४ रोजीं नेब्रास्काविरुद्ध तो २५ मुसंड्यांत ४०८ यार्ड धांवला. टी.सी.यू.च्या लाडेनियन टॉमलिन्सनचा १९९९ पासूनचा ४०६ यार्डांचा उच्चांक त्यानें तिसऱ्या डावाअखेरच मोडला, आणि सामना हातीं आल्यामुळें चौथा डाव तो बाजूस बसून राहिला. बरोबर सात दिवसांनीं ओक्लाहोमाचा समाजे पेरीन ह्यानें ४२७ यार्ड करून तो विक्रम मोडला. गॉर्डन चौथ्या डावांत खेळला असता तर? असल्या जर-तरांस इतिहासांत स्थान नाहीं. पण हरलेल्या प्रतिपक्षास आणखी तुडवून विक्रम फुगविण्यापेक्षां स्वस्थ बसणें हेंही एक कर्तृत्वच आहे, आणि तें लिहावयास कोष्टकांत स्तंभ नाहीं.

ज्यासाठीं स्तंभ नाहीं अशा गोष्टींची यादी केली तर ती फार लांबेल. तींत पहिलें नांव वाट मोकळी करणाऱ्या गड्यांचें घालावें लागेल. डेनच्या पुढें १९९९ सालीं ख्रिस मॅकिंटॉश उभा असे. तोच पुढें २०२१ सालीं त्या विद्यापीठाचा क्रीडासंचालक झाला. जो थॉमस व गेब कारिमी ह्या विस्कॉन्सिनच्या दोन गड्यांस पुढच्या रांगेंतील उत्तम खेळाडूचें औटलंड पारितोषिक अनुक्रमें २००६ व २०१० सालीं मिळालें. परंतु त्यांच्या नांवापुढें यार्ड एकही नाहीं. डेन, बॉल, गॉर्डन, आणि तीन वर्षांत ६,१७४ यार्ड धांवणारा जोनाथन टेलर हे एकामागून एक ह्याच विद्यापीठांत निपजावे, हा कांहीं योगायोग नव्हे. तेथें भिंत फोडणाऱ्यांची परंपरा आहे. धांवणाराच्या नांवानें जी बेरीज लिहितात ती वस्तुतः सहा-सात जणांच्या समाईक खात्याची असते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मिळकत कर्त्याच्या नांवावर असते. ती उभी करणारे हात मोजावयास कोणी बसत नाहीं.

टर्नरनें ज्या धंद्याचें भय १९०६ सालीं दाखविलें तो धंदा आज उघडउघड प्रस्थापित झाला आहे. २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीप्रमाणें विद्यापीठें त्यांस प्रत्यक्ष पैसेही देऊं लागलीं. इतकीं वर्षें त्या तरुणांच्या श्रमावर दुसऱ्यांनींच पैसा केला, तेव्हां त्यांस वांटा मिळावा ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ह्यायोगें आंकड्यांचें मोल बदललें. पूर्वीं यार्ड म्हणजे कीर्ति. आतां यार्ड म्हणजे कीर्ति आणि किंमत. किंमत ठरविणारा आंकडा अधिक कसोशीनें वाचला पाहिजे. २०२० चा साथीचा हंगाम खेळाडूंच्या मुदतींत न धरल्यामुळें अनेकांस एक वर्ष जास्त मिळालें. ही टीप ज्या कोष्टकांत नसेल तें कोष्टक पुढील पिढीस फसवील.

इतक्या विवेचनावरून आंकडे टाकाऊ आहेत असा अर्थ कोणीं काढूं नये. आंकडे नसते तर ओडीच्या लाथेप्रमाणें सगळाच इतिहास आख्यायिकेवर गेला असता, आणि अमीचीचें शेवटचें वर्ष सर्वांत कमी यार्डांचें होतें ही बोलकी गोष्ट आपणांस कळलीच नसती. सांगावयाचें तें इतकेंच कीं आंकडा हाही एक कागदच आहे. तो कोणीं लिहिला, कोणत्या नियमानें लिहिला, काय मोजलें व काय वगळलें, हें विचारल्यावांचून बखर जशी वाचूं नये तसा तोही वाचूं नये. परीक्षेंतील गुण, कचेरींतील बढत्या, प्रांतांच्या साक्षरतेचीं प्रमाणें, असे आंकडे तर रोज आपल्या मुलांचें भवितव्य ठरवीत असतात. तेथें आठ यार्डांची चूक कोणाच्या माथीं बसते हें पाहण्याची संवय खेळाच्या वहीवरून लागली, तर ती वही चाळल्याचें सार्थक होईल.

विस्कॉन्सिन विद्यापीठानें आपल्या कांहीं खेळाडूंच्या पाठीवरचे अंक मानानें निवृत्त केले आहेत; ते पुन्हा कोणास दिले जात नाहींत. डेनचा ३३ व अमीचीचा ३५ हे त्यांत आहेत, आणि ते असावेत हें उघडच आहे. ओकिनावावर पडलेल्या श्रायनरचा ८० आहे. आणि एक ८३ आहे. तो अ‍ॅलन शेफर ह्या सतरा वर्षांच्या मुलाचा. ११ नोव्हेंबर १९४४ रोजीं आयोवाविरुद्धच्या सामन्यांत झालेल्या दुखापतीनें तो मरण पावला. विक्रमांच्या कोष्टकांत त्याचें नांव कोठेंही नाहीं. परंतु सर्वांत अधिक धांवणाऱ्याचा अंक आणि त्याचा अंक ह्यांस एकच मान आहे. कोणती गोष्ट मोजावयाची आणि कोणती नुसती स्मरणांत ठेवावयाची, हा विवेक त्या विद्यापीठानें निदान एवढ्या एका ठिकाणीं तरी दाखविला आहे.